कोरडं म्हणजे कोरडं

आमच्या कारखान्यात, मशीनमध्ये माल ओतायच्या हॉपरच्या मागच्या भिंतीवर खडूने लिहिलेली एक ओळ बरेच दिवस होती : 'ओले हात, ओला रुमाल, चहाचा कप इथं आणू नये.' ती लिहिणाऱ्या बाई आमच्या कारखान्यातल्या नव्हत्या. कुणाला विचारून लिहिलंत, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं तेव्हा म्हणाल्या, "भिंत मोकळी होती."

वाहुळ मॅडम शहरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. मी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, प्लास्टिकला रंग देणारा दाणा तयार करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात उत्पादन बघायचो. आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. एके दिवशी सकाळी त्या आल्या, वॉचमनला न जुमानता थेट माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि पिशवीतून जेवणाचा स्टीलचा डबा काढला. डब्यात कागदाची पुडी होती आणि पुडीत चमचाभर केशरी पावडर.

"हा एक चमचा आहे," त्या म्हणाल्या. "मला ह्याचं पोतं करायचंय. तुमच्याकडं दोन स्क्रूचं मशीन आहे ना?"

"मॅडम, रंग आम्ही विकत आणतो. इथे करत नाही."

"हा रंग नाही. औषध व्हायच्या आधीचं औषध आहे. वास घेऊन बघा."

वास आइस्क्रीमचा होता. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पुढच्या दीड वर्षात मी त्यांना हसताना फार तर दोनदा पाहिलं असेल, आणि त्यातलं एकदा त्या मलाच हसत होत्या.

त्यांचं काम त्यांनी माझ्या टेबलावरचे दोन पेपरवेट एकमेकांवर आपटत मला समजावलं. दोन पांढऱ्या पावडरी आहेत. त्या एकमेकींशी जुळल्या की केशरी होतात. कारखान्यात त्या जुळवायच्या तर मोठ्या टाकीत सॉल्व्हेंट ओततात, दोन्ही पावडरी त्यात विरघळवतात, तापवतात आणि मग तेच सॉल्व्हेंट वाफ करून उडवून लावतात. ती सगळी वाफ पाइपातूनच जाते, असं कागदावर लिहिलेलं असतं. मॅडमनी सॉल्व्हेंटच काढून टाकलं होतं. पोलादी डब्यात दोन्ही पावडरी, सोबत मूठभर पोलादी गोळ्या, आणि डबा यंत्रावर तासभर गदागदा हलवायचा. गोळ्यांच्या माराने पावडरी कोरड्याच जुळायच्या. पण तो डबा एका वेळी चमचाभरच द्यायचा. मोठा डबा घेतला की तो तापायचा, कोपऱ्यात ढेकळं बसायची, आणि दर खेपेला उघडा, काढा, धुवा, भरा. आमचं मशीन म्हणजे चकलीचा सोऱ्या समजा, फक्त बारा फूट लांब आणि पोटात शेजारी शेजारी फिरणारे दोन स्क्रू. एका टोकाला टाकत राहायचं, दुसऱ्या टोकाला निघत राहतं, दिवसभर.

"माझा डबा तासाभरात जे करतो ते ह्या मशीननं दोन मिनिटांत करायचंय," त्या म्हणाल्या. "कोरडं. कोरडं म्हणजे कोरडं."

आमच्या मालकांना 'औषध' हा शब्द फार आवडला. सुट्टीच्या दिवशी मशीन तसंही बंद असतं, करू द्या बाईंना, असं ते म्हणाले आणि गाडीत बसून निघून गेले. म्हणजे सुट्टी बुडणार होती ती माझी. पुंडलिकनगरातल्या माझ्या दुपारच्या झोपेवर वाहुळ मॅडमनी जो घाला घातला, त्याबद्दल मी त्यांना सुरुवातीचे तीन महिने मनातल्या मनात भरपूर बोललो आहे.

ट्रायलच्या दिवशी त्यांचा अवतार बघण्यासारखा असायचा. कपाळाला सुती फडकं, दोन्ही मनगटांना फडकी, गळ्यात आणखी एक. घामाचा थेंब पावडरीत पडू नये म्हणून. आमचा ऑपरेटर रफिकभाई त्यांना पहिल्यांदा बघून म्हणाला, "मॅडम, जंग पे जा रहे क्या?" त्यावर त्यांनी एक फडकं काढून त्याच्या कपाळाला बांधलं. त्या दिवशी पाण्याची बाटली आत आणायची नाही. जेवायला भाकरी आणि तिळाची चटणी, रस्सा नाही. तहान लागली तर गेटपर्यंत चालत जायचं, पाणी प्यायचं, हात पुसायचे, वाऱ्यावर धरायचे आणि मग परत यायचं. पाऊस असेल त्या दिवशी ट्रायल नाहीच.

दुसरी सवय भांड्यांची. वापरलेलं भांडं त्या क्षणभर तसं ठेवायच्या नाहीत. धुवायचं, पुसायचं आणि लगेच भरायचं. ही सवय त्यांच्या आईची. आई वैजापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती, घरात पातेलं एकच. त्यात आधी भात, मग तेच धुऊन पदराने पुसून त्यात वरण, मग तेच धुऊन चहा. "आमच्या घरात भांडं वाळायला सवड नव्हती," असं त्या सांगायच्या. हे त्या अभिमानाने सांगायच्या आणि मीही ऐकून मान डोलवायचो. त्या वाक्यात काय दडलंय ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

पहिलीच ट्रायल अंगावर आली. दोन पावडरींपैकी एक जरा जास्त तापली की वितळते, आणि आमच्या रफिकभाईचा हात हीटरवर सढळ. मशीनच्या पोटात चिक्की झाली. लोडचा काटा लाल पट्ट्यात गेला, मोटर किंचाळली आणि सगळं बंद पडलं. मॅडम धावत जाऊन स्क्रूभोवतीच्या पोलादी बॅरलवर हात ठेवणार, तेवढ्यात मी त्यांच्यावर खच्चून ओरडलो. दोनशे अंशांचं बॅरल! त्या थबकल्या, माझ्याकडे बघितलं आणि हसत म्हणाल्या, "कुलकर्णी, तुम्ही वर्गात शोभला असता." तेच ते एकदाचं हसणं. मग तिघांनी मिळून चार तास स्क्रू बाहेर ओढला, हातोडीने चिक्की फोडली. प्रत्येक तुकडा त्या उजेडात धरून बघत होत्या. प्रत्येक तुकडा आतून पांढरा होता.

पुढची ट्रायलही पांढरी, त्यापुढचीही. मी स्क्रूवरचे, पावडर कणकेसारखी मळणारे तुकडे वाढवले, म्हणजे पावडरीला आत जास्त मार बसेल. वेग कमी केला. तापमान दोन-दोन अंशांनी चढवलं. दर वेळी त्या माल बाहेर पडतो त्या डायच्या तोंडाशी पांढरं ताट धरून उभ्या राहायच्या आणि दर वेळी त्यात पांढरंच पडायचं. कधी कडेला पिवळसर झाक यायची. त्या झाकेवर त्या आठवडाभर जगायच्या.

हा हट्ट कशासाठी, ते मला कळलं मुकुंदवाडीला. एका सुट्टीला त्या आल्या नाहीत, नमुन्याची पुडी माझ्याकडे राहिली होती, ती द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. स्टेशनजवळ दोन खोल्या. दारात खुर्चीवर त्यांचे यजमान, अशोकराव. त्यांना चहा अर्धा कपच देतात, कारण भरलेला कप तोंडापर्यंत पोचत नाही. हात पानासारखे थरथरतात. त्यांनी मला नाव विचारलं. चहा होईपर्यंत पुन्हा विचारलं. निघताना तिसऱ्यांदा विचारलं आणि स्वतःच ओशाळले.

अशोकराव एका औषध कंपनीत, सॉल्व्हेंट उडवायच्या विभागात कामाला होते. तीच टाकी, तीच वाफ. डॉक्टर म्हणतात, नसा वाफेने गेल्या. कंपनी म्हणते, साखरेने गेल्या. साखर त्यांना कधी नव्हती. मॅडमनी माझ्या हातातली पुडी घेतली, उघडली आणि त्यांच्या नाकाशी धरली.

"कशाचा वास येतो?"

अशोकरावांनी डोळे मिटून जोरात श्वास घेतला. "कशाचाच नाय गं."

"बरं," म्हणून त्यांनी पुडी बंद केली. हे त्या दर पुडीला करत असणार, कारण अशोकरावांनी प्रश्न संपायच्या आधीच डोळे मिटले होते.

मला सोडायला त्या कोपऱ्यापर्यंत आल्या. "ती कंपनी तोच विभाग वाढवतेय," त्या म्हणाल्या. "दुप्पट. तिथले एक साहेब माझं ऐकायला तयार झालेत. पाच किलो माल, चालत्या मशीनवर, त्यांच्या डोळ्यांसमोर, कोरडा. तसं दाखवलं तर नव्या विभागात टाकी बसवणार नाहीत. नाही दाखवलं तर आहे तेच दुप्पट. आणि तिथं कामाला कोण जाणार, कुलकर्णी? आमच्याच गल्लीतली पोरं जाणार. ह्यांना बघून पण जाणार."

त्यानंतर माझ्या दुपारच्या झोपेबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

पण मशीनला हे सगळं कुठे कळतं? पावसाळा गेला, दिवाळी गेली, माल पांढराच. त्यातच मालकांनी नवं मशीन घ्यायचं ठरवलं आणि जुनं गुजरातच्या कुणाला तरी देऊन टाकलं. महिनाअखेरीला ट्रक येणार होता. मी मॅडमना फोनवर सांगितलं.  त्या म्हणाल्या, "तुम्ही आणि रफिकभाई एकदा माझ्या लॅबला या. माझं डोकं चालंना झालंय. माझ्या डब्यात होतं ते तुमच्या मशीनमध्ये का होत नाही, ते परक्या डोळ्यांनी बघा."

आम्ही गेलो. कॉलेजात सुट्टी होती. लॅबच्या कोपऱ्यात त्यांचं ते यंत्र, त्यावर मुठीएवढा पोलादी डबा. आमच्यासमोर त्यांनी सगळं केलं. आधीचा डबा उघडला, केशरी पावडर काढून घेतली. डबा आणि गोळ्या स्पिरिटने धुतल्या, मऊ फडक्याने लख्ख पुसल्या आणि भरायला पावडर उचलली.

रफिकभाई पुढे झाला. वीस वर्षं तो प्लास्टिकचा दाणा वाळलाय की नाही ते एकाच पद्धतीने बघतो. मूठभर दाणा घेतो आणि गालाला लावतो. दाणा ओला राहिला तर मालात बुडबुडे येतात, आणि त्याच्या गालाची चूक आजवर निघालेली नाही. त्याने तो डबा उचलला आणि सवयीने गालाला लावला.

"मॅडम," तो म्हणाला, "ये तो गिल्ला है."

"पुसलाय रफिकभाई. तुमच्यासमोर."

"पुसे सो देखा मैं. पर थंडा लगरा. सुखा लोहा ऐसा थंडा नै रहता."

मॅडमनी डबा घेतला आणि स्वतःच्या गालाला लावला.  स्पिरिट उडताना गार लागतं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. डबा गार होता. म्हणजे त्यातून स्पिरिट अजून उडत होतं. गोळ्यांच्या फटीत, झाकणाच्या आट्यांत, फडक्याला न दिसणारे दोन-चार थेंब दर वेळी उरत होते, आणि नऊ वर्षं त्या डबा धुऊन, पुसून, लगेच भरत आल्या होत्या.

त्यांनी डबा आणि गोळ्या भट्टीत ठेवल्या. दोन तास वाळवल्या, गार केल्या, गालाला लावून बघितल्या, मग भरल्या. यंत्र तासभर खडखडलं. आम्ही तिघं स्टुलांवर बसून त्या खडखडाटाकडे बघत होतो. झाकण उघडलं.

पांढरं.

मी माणसं रडताना पाहिली आहेत, चिडताना पाहिली आहेत. मॅडमनी यातलं काही केलं नाही. त्यांनी कपाटातून नऊ वर्षांच्या वह्या काढल्या आणि पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर जिथे 'कोरडे' असं लिहिलं होतं, त्याखाली बोट ठेवून बसल्या. रफिकभाई बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. तो नंतर कितीतरी दिवस मला म्हणत होता, "साब, मैं कायकू बोला?"

ट्रक यायच्या आधी आमच्या हातात एक सुट्टी होती. मी मॅडमना म्हटलं, रडायला जन्म पडलाय, आधी काम करू. गुपित सापडलंय ना? मग मशीनमध्ये पण थेंब सोडू. त्यांनी आधी पाण्याचे थेंब सोडून बघितले. लापशी झाली. मग मी एक छोटा पंप लावला, खिडक्या-दारं सताड उघडली, रफिकभाईला आग विझवायचं नळकांडं घेऊन उभं केलं आणि स्पिरिटचा एक-एक थेंब बॅरलमध्ये सोडला.

मॅडमनी त्याच दिवशी बोलावलेले ते कंपनीचे साहेब वेळेवर आले होते. सफारीतले, बोलायला चांगले. पहिली पाच मिनिटं पांढरं आलं. मग पिवळं. मग डायच्या तोंडातून जे यायला लागलं ते झेंडूच्या फुलासारखं केशरी होतं, आणि सगळ्या शेडमध्ये आइस्क्रीमचा वास भरला. वर्षभर ज्याची वाट बघितली ते ताटात पडत होतं, ताट भरत होतं, दुसरं ताट भरत होतं. साहेबांनी चिमटीत घेऊन बघितलं आणि म्हणाले, "वा मॅडम! हे तर झालं."

पंप मी मुद्दाम मशीनच्या मागे लावला होता. साहेबांना तो दिसत नव्हता. हे मी सरळ कबूल करतो. आदल्या दिवशी मी मॅडमना म्हटलंही होतं, आधी त्यांचा होकार कागदावर येऊ द्या, मग सांगा थेंबांचं. कुठे टाकीभर सॉल्व्हेंट आणि कुठे चमचाभर स्पिरिट! ह्याला खोटं म्हणतात का?

मॅडम साहेबांना म्हणाल्या, "सर, इकडं या. हे बघा." आणि त्यांना मशीनमागे नेऊन पंप दाखवला.

साहेबांनी पंप बघितला, उघड्या खिडक्या बघितल्या, नळकांडं धरून उभा असलेला रफिकभाई बघितला. माणूस वाईट नव्हता. खुर्ची मागवून बसला आणि समजावून सांगितलं. तापलेल्या मशीनजवळ स्पिरिट आलं की आगीची परवानगी आली. एक थेंब असो की टाकी, साठवायची खोली तीच, ठिणगी न उडणाऱ्या मोटरी त्याच, तपासणी तीच. कोरडं आहे म्हणून तर वरच्यांना पटवत होतो. "ती सगळी यातायात करायचीच असेल मॅडम, तर चालू आहे ते काय वाईट, असं वरचे विचारणार. मी काय सांगू त्यांना?"

मॅडमनी पंप बंद केला. 

साहेब गेल्यावर माझा तोल गेला. "आठ दिवस गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? तुमच्या त्या 'कोरडं म्हणजे कोरडं'नं पोरांचं वाटोळं केलं!" असं मी बोलून गेलो. आजही ते वाक्य आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

त्या मनगटावरची फडकी सोडत होत्या. "कुलकर्णी, नऊ वर्षं मी न कळता खोटं लिहिलं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या कंपनीनं कागदावर काय लिहिलं होतं? वाफ पाइपातनं जाते. आता मी पण कळून तसंच लिहू?" एवढं बोलून त्यांनी खाली सांडलेली केशरी पावडर झाडूने गोळा केली आणि खडूची ती ओळ ओल्या फडक्याने पुसून टाकली.

चार दिवसांनी ट्रकने मशीन नेलं. मॅडमनी जिथे जिथे आपलं काम छापून आलं होतं तिथे तिथे स्वतः पत्रं पाठवली की माझा निष्कर्ष चुकला आहे, डबा ओला होता. कॉलेजात कुणी त्यांना 'ओल्या मॅडम' म्हणतं, असं माझ्या कानावर आलं. कंपनीच्या नव्या विभागाची भिंत उभी राहिली, टाक्या चढल्या, गेटवर भरतीची पाटी लागली. त्या रस्त्याने जायचं मी टाळतो.

परवा मुकुंदवाडीला गेलो होतो. बऱ्याच दिवसांत फोन नाही, म्हणून. दार उघडंच होतं. मॅडम जमिनीवर बसल्या होत्या, समोर दगडी खल. कपाळाला, मनगटांना फडकी, तोंडावर फडकं. थेंबभरही ओल उरू नये म्हणून खल उन्हात ठेवून तापवलेला होता. त्यांनी मला बघितलं, मान हलवली, पण हात थांबवला नाही. शेजारी अशोकराव दोन्ही गुडघ्यांत खल घट्ट धरून बसले होते, म्हणजे तो हलू नये. त्यांचे हात थरथरत होते, गुडघे मात्र पक्के होते.

बत्ता टाकून मॅडमनी दुसऱ्या पावडरीची वाटी उचलली, आपल्या गालाला लावली, मग अशोकरावांच्या गालाला लावली.

"थंड लागतं?"

"नाय."

"मग कोरडी आहे." वाटीतली पावडर त्यांनी खलात ओतली आणि पुन्हा घोटायला लागल्या. मी उंबऱ्यात बसलो. स्टेशनवर एक गाडी येऊन गेली. मी कोण ते अशोकरावांनी मला दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. मग ते खलाकडे वाकले.

"पांढरंच हाय का गं अजून?"

"व्हय," मॅडम म्हणाल्या. "पांढरंच. धरा नीट."